इंजिन मागं, डोंगर पुढं

[दृश्य: कोल्हापूर स्टेशन. सकाळची मिरज पॅसेंजर सुटते आहे.]

कोल्हापूर ते मिरज. अंतर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटर. वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करत पॅसेंजर तासा-सव्वा तासात पोचते. कॉलेजला, दवाखान्याला, पुढची गाडी पकडायला आपण या मार्गानं इतक्यांदा जातो की खिडकीबाहेर बघायचंही सुचत नाही.

या मार्गाची पहिली कुदळ १८८८ साली शाहू महाराजांच्या हातून पडली. तेव्हा ते पुरते चौदा वर्षांचेही नव्हते, राज्याभिषेकाला अजून सहा वर्षं होती. १८९१ साली गाडी सुरू झाली. रेल्वे कोल्हापूर संस्थानच्या मालकीची, रूळ मीटरगेजचे, म्हणजे एकमेकांपासून एक मीटरवर, आणि पुढं वाफेचं इंजिन. १९७१ मध्ये ब्रॉडगेज, म्हणजे जास्त रुंदीचा मार्ग, आलं आणि ते जुने रूळ उखडले गेले. त्याचं दुःख करत बसावं असं मला वाटत नाही. ब्रॉडगेज झालं म्हणूनच रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसून सकाळी मुंबईत उतरता येतं.

पण मीटरगेजचे रूळ, साधारण तेवढंच अंतर आणि वाफेचं इंजिन, हे तिन्ही एकत्र आजही चालताना बघायचं असेल तर तमिळनाडूत जावं लागतं. निलगिरीच्या पायथ्याचं मेट्टुपाळयम ते डोंगरावरचं उदगमंडलम, म्हणजे आपल्या तोंडातलं ऊटी. ४६ किलोमीटर. इथून मिरजेएवढं. गाडी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी निघते आणि पोचते दुपारी बाराच्या सुमाराला. जवळजवळ पाच तास.

हे पाच तास जातात कुठं, ते बघायला मी निघाले.

एकटीच. "एकटीच निघालीस व्हय? तिकडं बोलणार कुणाशी?" असं शेजारच्या मावशींनी विचारलं, आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी नि गुळाचा एक मोठा खडा पिशवीत घालून दिला. मिरजेहून बंगळुरू, तिथून कोइमतूर, आणि पुढं मेट्टुपाळयम. एकटीचा एक फायदा तिकीट काढतानाच कळला. या गाडीत जागा थोड्या, मागणी फार. चौघांना एकत्र जागा मिळणं मुश्कील, एकटीला मिळून जाते.

[दृश्य: मेट्टुपाळयम स्टेशन, उजाडायच्या आधी. इंजिन यार्डातून फलाटाकडे येतं.]

मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवर, म्हणजे कोल्हापूरपेक्षाही खाली. पहाटेसुद्धा हवेत उकाडा होता.

इंजिन आलं ते आधी कानांना कळलं. नुसती शिट्टी नव्हे. उभं असतानाही ते आतून सुस्कारे टाकत असतं, कुठून तरी थेंब गळत असतात, मधूनच वाफेचा झोत रुळांवर पडतो. आणि वास. तापलेलं लोखंड, तेल, ओली वाफ. मी उद्यमनगरच्या कडेला वाढले, लेथ आणि वंगणाचा वास मला घरचा आहे. त्यामुळे बाकीचे पर्यटक इंजिनासमोर फोटो काढत होते तेव्हा मी खाली वाकून चाकांकडं बघत होते.

एक माणूस हातात लांब चोचीची तेलाची झारी घेऊन इंजिनाभोवती फिरत होता. प्रत्येक सांध्यापाशी थांबायचा. आधी उलट्या हातानं लोखंडाला स्पर्श, मग चार थेंब तेल, मग कापसाच्या बोळ्यानं पुसणं. कुठला सांधा जास्त तापतो हे त्याला आधीच ठाऊक असावं, कारण दोन ठिकाणी तो पुन्हा परत आला. त्याला कुणी सांगत नव्हतं, त्याच्या हातात कसली यादीही नव्हती.

इथली इंजिनं एक्स क्लासची. मूळची स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात बनलेली. अलीकडची काही तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक या रेल्वे कारखान्यात बनली, आणि त्यातली काही कोळशाऐवजी तेलावर चालतात. हे ऐकून मला फार बरं वाटलं. जुनं इंजिन जपून ठेवणं वेगळं, आणि तसंच इंजिन आजच्या कारागिरांनी नव्यानं घडवणं वेगळं. दुसऱ्याला जास्त अक्कल लागते.

आता गंमत बघा. इंजिन डब्यांच्या पुढं लागत नाही, मागं लागतं. चढावर ते गाडी ओढत नाही, ढकलतं. कुठला डबा सुटलाच तर तो खाली घरंगळू नये, म्हणून. म्हणजे सगळ्यात पुढं असतो प्रवाशांचा डबा, आणि गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसतच नाही!

मग दिसतो कुणाला? तर पुढच्या डब्याच्या उघड्या ओट्यावर उभ्या असलेल्या ब्रेकमनला. त्याच्या हातात लाल आणि हिरवा झेंडा. प्रत्येक डब्यावर असाच एकेक जण, हाताशी ब्रेकचं चाक. पुढच्यानं झेंडा दाखवायचा, मागच्यांनी तो बघून पुढं द्यायचा, आणि इंजिनाच्या शिट्टीला हातातल्या ब्रेकनं उत्तर द्यायचं. उतरताना तर गाडी धरून ठेवण्याचं काम इंजिनाबरोबर ही माणसंही करतात.

[दृश्य: गाडी सुटते. भवानी नदीचा पूल, सुपारीच्या बागा.]

सुरुवातीला जमीन सपाट. गाडी भवानी नदी ओलांडते. आपल्याला हे नाव ऐकलं की हात आपोआप जोडले जातात. पलीकडं सुपारीच्या बागा, उंच सरळ खोडं, खाली ओली सावली. इथवर ही गाडी कुठल्याही गाडीसारखीच पळते.

मग येतं कल्लार. गाडी जवळपास थांबतेच. खालून एक खडखडाट होतो, डब्याला हलका धक्का बसतो, आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलतो. आतापर्यंत एक सूर होता, आता त्यात दुसरा, जड सूर मिसळतो.

कल्लारपासून दोन रुळांच्या मध्ये आणखी काहीतरी सुरू होतं. शेजारी शेजारी दोन दातेरी पट्ट्या. एका पट्टीचा दाता जिथं, तिथं दुसरीची खाच. रोमान आब्ट या स्विस इंजिनिअरची ही रचना. इंजिनाच्या पोटातली दातेरी चाकं या पट्ट्यांत अडकतात आणि दात्याला दाता देत गाडी वर चढते. एक दाता सुटता सुटता शेजारचा पकडलेला असतो, म्हणून पकड क्षणभरही ढिली पडत नाही. भारतात अशा दात्यांवर चालणारी प्रवासी गाडी ही एकच.

आणि वाफ वाया जात नाही, हे मला सगळ्यात आवडलं. सपाटीवर इंजिनाचे दोन सिलिंडर काम करतात. दात्यांवर आलं की त्यांतून बाहेर पडणारी वाफ सरळ धुरांड्याकडं न जाता आणखी दोन सिलिंडरांत जाते आणि ती दातेरी चाकं फिरवते. तीच वाफ, दोनदा राबलेली. तो दुसरा जड सूर येतो तो तिथून.

चढ किती? बारा मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. आपला बोरघाट, जिथं गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, तिथला चढ ३७ ला एक आहे. यावरून काय ते समजावं. या चढावर गाडीचा वेग ताशी १३ किलोमीटरच्या वर जात नाही. पाच तास कुठं जातात, त्याचं उत्तर इथं मिळतं.

[दृश्य: दरी, पूल, बोगदे. निवेदन थोडा वेळ थांबतं. फक्त इंजिनाचा आवाज.]

डाव्या हाताला दरी उघडते. पूल इतके अरुंद की खिडकीतून खाली बघितलं तर पूल दिसतच नाही, फक्त खालची झाडं. संपूर्ण मार्गावर २५० पूल, २०८ वळणं आणि १६ बोगदे आहेत. बोगदा आला की डब्यातली पोरं एकमुखानं ओरडतात, मोठी माणसंही ओरडतात. मीही ओरडले.

माझ्यासमोर मदुराईचं एक कुटुंब होतं. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. मावशींना वाटत होतं बोलणार कुणाशी. तर आजींनी मला इडली दिली, मी त्यांना दशमी आणि चटणी दिली. चटणी तिखट लागली असावी, कारण त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढं केला.

[दृश्य: हिलग्रोव्ह. इंजिन पाणी घेतं.]

वाफेच्या इंजिनाला तहान फार. म्हणून मध्ये मध्ये थांबून पाणी भरावं लागतं. हिलग्रोव्हला सगळे उतरतात, चहा घेतात, माकडं खाऊ पळवतात. मी इंजिनाकडं गेले.

इंजिनाची आग सांभाळणारा फायरमन टाकीवर चढून पाण्याचा पाइप धरून उभा होता. खाली उतरल्यावर त्याला गुळाचा तुकडा दिला. त्यानं तो मोडून अर्धा ड्रायव्हरला दिला. माझं हिंदी आणि त्यांचं हिंदी सारखंच मोडकं. मी मिरजेचं नाव सांगितलं तर ड्रायव्हर लगेच म्हणाला, "मिरज, जंक्शन!" रेल्वेच्या माणसाला दुसरा पत्ता लागत नाही.

आग बरोबर आहे हे कसं कळतं, असं मी विचारलं. फायरमननं बोटानं धुरांडं दाखवलं. धूर काळा झाला की तेल जास्त झालं, ते कमी करायचं. आमच्याकडं गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतल्या रसाचा रंग आणि बुडबुडे बघून गूळ उतरवायची वेळ सांगतो, तसंच हे. मीटर, काटे आहेतच. पण खरी खूण डोळ्याला कळते, आणि तो डोळा वर्षानुवर्षं कुणाच्या तरी हाताखाली उभं राहिल्यावर तयार होतो.

या मार्गाची कल्पना पहिल्यांदा मांडली गेली १८५४ साली. काम सुरू व्हायला १८९१ उजाडलं. आपली मिरज-कोल्हापूर गाडी धावायला लागली त्याच वर्षी इथं पहिले दगड फुटत होते. काम घेतलेली पहिली कंपनी मध्येच बुडाली. दुसरीनं ते पुढं नेलं, १८९९ मध्ये गाडी कुन्नूरला पोचली आणि १९०८ मध्ये ऊटीला. हे डोंगर फोडणारे, चढावर लोखंड वाहणारे मजूर किती होते, कुठले होते, त्यांची नावं कुठल्याच पाटीवर मला दिसली नाहीत. दिसायला हवी होती.

[दृश्य: कुन्नूर स्टेशन.]

साडेदहाच्या सुमारास कुन्नूर. उंची १७०० मीटरच्या वर. कळसूबाई आहे १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखरापेक्षा जास्त उंचीवर आपण गाडीत बसून आलो. सकाळी घाम पुसत होते, आता शाल अंगावर घेतली.

दातेरी रूळ इथं संपतो. वाफेचं इंजिन सुटतं आणि ऊटीपर्यंत डिझेल इंजिन लागतं. बरेच प्रवासी हे बघायला उतरतही नाहीत. मी मात्र इंजिन शेडकडं जाईपर्यंत फलाटावर उभी होते. ड्रायव्हरनं हात केला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

पुढचे १९ किलोमीटर सुंदर आहेत, पण सौम्य. वेलिंग्टन, अरवंकाडू, केट्टीची रुंद दरी, उतारावर गाजर-बटाट्याची शेतं, लव्हडेल, आणि २२०३ मीटरवर उदगमंडलम. ऊटीत मी काय बघितलं ते सांगत नाही, ते सगळ्यांनी बघितलेलं आहे.

२००५ साली युनेस्कोनं या मार्गाला जागतिक वारसा ठरवलं. दार्जिलिंगची गाडी त्याआधी, १९९९ मध्ये त्या यादीत गेली होती. मान योग्यच आहे. पण दिवसभर बघून माझं मत असं झालंय की वारसा त्या इंजिनात जेवढा आहे, त्याहून जास्त त्या झारीवाल्यात, त्या झेंड्यांत आणि धुराचा रंग ओळखणाऱ्या डोळ्यात आहे. इंजिन चौथऱ्यावर मांडता येतं, रंग देऊन शंभर वर्षं ठेवता येतं. ही विद्या मात्र रोज गाडी चालवली तरच टिकते. म्हणून तोटा होतो, वेळ लागतो, डिझेल लावलं तर सोपं पडेल, असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला ते पटत नाही. आपल्याकडची मीटरगेज गेली तेव्हा ती इंजिनं हाताळणारी माणसं मिरजेत होती. त्यांच्याकडून कुणी काही लिहून, बोलून घेतलं का? त्यातले जे आज नव्वदीत असतील त्यांना शोधायला हवं. तुमच्या घरी, गल्लीत कुणी असेल तर त्यांच्यासमोर फोन ठेवा आणि बोलतं करा. हे मी अगदी मनापासून सांगते आहे.

[दृश्य: परतीची गाडी, दुपारचं ऊन. रुळांच्या कडेला ट्रॅकमन.]

जाणार असाल तर पावसाचा अंदाज बघून जा. आपल्याकडचा पाऊस संपतो तेव्हा, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, तिकडं ईशान्य मोसमी पाऊस जोरात असतो. दरडी कोसळतात आणि कल्लार ते कुन्नूर गाडी बंद ठेवावी लागते. जानेवारी ते मार्च उत्तम. आरक्षण खुलं झाल्या झाल्या तिकीट काढा, आणि ते मेट्टुपाळयमपासूनचं काढा. नुसतं कुन्नूर ते ऊटी गेलात तर वाफेचं इंजिन चुकेल. चढताना डावीकडची खिडकी मिळाली तर उत्तम. आणि गाडी सुटायच्या निदान तासभर आधी फलाटावर पोचा, इंजिनाला तेल घालणं तेव्हाच बघायला मिळतं.