पत्र्याखालचा घाम

(दृश्य: नवी मुंबईतलं रबाळे, औद्योगिक वसाहत. सकाळचे साडेसहा. अर्धवट उघडलेलं शटर.)

डिसेंबरची पहाट. रात्री पाऊस नव्हता, वर टाकी नाही, तरी गाळ्यात थेंब पडतायत. हा एक बघा. पत्र्याच्या पन्हळीला लोंबला, थरथरला आणि खाली रचलेल्या खोक्यावर पडला. लेबलावरची शाई पसरली.

इथं म्हणतात, पत्र्याला घाम आलाय. मोकळ्या आभाळाखाली पत्रा रात्री झपाट्यानं निवतो, खाडीकडची दमट हवा आतून त्याला लागते आणि तिथंच तिचं पाणी होतं. एप्रिलच्या दुपारी हाच पत्रा हात लावू देत नाही. मग पॅकिंगला बसलेल्या बायका पदर ओला करून मानेवर ठेवतात. डोक्यावरचा पंखा तीच गरम हवा खाली ढकलत राहतो.

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईच्या तुर्भ्यापर्यंत अशा शेड किती तरी आहेत. आज या गाळ्यात पत्र्याला आतून फोम मारायचाय, म्हणजे उष्णता अडवणारा फुगीर थर फवारायचाय.

(दृश्य: दोन ड्रम, जाड होज, शिडीवर कारागीर.)

ड्रमांत फोमची दोन रसायनं: एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल. गरम होजमधून दोन्ही वेगवेगळे येतात आणि थेट फवारणीच्या गनमध्ये भेटतात. पत्र्यावर बसतो तो पातळ रस, आणि बघता बघता फुगून सुमारे ३० पट होतो. काही सेकंदांत बोटाला चिकटत नाही. सुरीनं कापून पाहिला तर आत बारीक बारीक बंद घरं दिसतात. त्यांत कोंडलेला वायू उष्णता अडवतो. फुगवण्यासाठी पूर्वी एचसीएफसी-१४१बी नावाचं रसायन वापरत. ओझोनच्या थराला ते घातक, म्हणून १ जानेवारी २०२० पासून भारतानं त्याची आयात बंद केली.

खरी मेहनत मात्र गन हातात घेण्याआधीची. तेलाचा ओशटपणा, सुटा गंज, धूळ, सगळं काढावं लागतं. ओल्या पत्र्याला फोम धरत नाही. दव धरतं त्या तापमानापेक्षा पत्रा निदान ३ अंश गरम हवा, म्हणून कारागीर ऊन वर यायची वाट बघत बसलेत. आणि फोमनं गळती थांबेल असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका. गळका पत्रा आधी दुरुस्त करा. नाहीतर पाणी फोमच्या मागे मुरतं, पत्रा आतल्या आत सडतो आणि कुणाला दिसतही नाही.

कारागिराच्या मुखवट्याला बाहेरून स्वच्छ हवेची नळी जोडलीय. नाकाला रुमाल बांधून हे काम होत नाही. आयसोसायनेट एकदा बाधलं, तर दमा जन्माचा मागे लागू शकतो. म्हणून आज बायकांना सुट्टी. उद्याही गाळा बंद.

थरावर थर, पण दमादमानं. घाईनं एकदम जाड मारला, तर आतली उष्णता कोंडते, फोम करपतो, कधी पेटतोही.

आणि मालकांना हात जोडून सांगणं आहे, फोम उघडा ठेवू नका. आग लागली तर त्याचा काळा, विषारी धूर ज्वाळेच्या आधी माणसाला गाठतो. वरून अग्निरोधक लेप हवाच. तो पैसा वाचवायचा नसतो.

(दृश्य: तिसरा दिवस. पांढरा लेप चढतोय.)

छत जवळजवळ पांढरं झालंय. कोपऱ्यात, वेल्डिंगच्या टेबलाच्या बरोबर वर, तळहाताएवढा पिवळा तुकडा राहिलाय.

"दादा, तेवढं राहिलं बघा."

कारागीर वर बघतो आणि शिडी पुन्हा लावतो.