पाच पाकळ्यांचा स्क्रू

[दृश्य: सकाळ. शटरं वर जातायत. हातगाडीवर केबलची भेंडोळी.]

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की चालत थोड्याच अंतरावर हा रस्ता लागतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण सगळ्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. मुंबईत ज्यांनी ज्यांनी कधी सोल्डरिंगची कांडी हातात धरली, त्यांतल्या कितीतरी जणांनी ती इथूनच नेली.

फोन दुरुस्तीच्या या दुकानावर पोटमाळा आहे. लोखंडी शिडीनं चढायचं, डोकं सांभाळायचं. वर तीन टेबलं, तीन दिवे आणि एक मायक्रोस्कोप. कॅमेऱ्याची तिपाई उभी करायला जागा नव्हती, म्हणून पुढचं सगळं चित्रण हातात कॅमेरा धरून केलंय.

[दृश्य: जवळून. पांढरा कागद, त्यावर पेन्सिलीनं काढलेला फोनचा आकार.]

हा कागद नीट बघा. दुरुस्ती करणाऱ्या दादांनी त्यावर फोनचा आकार काढलाय. फोनच्या ज्या जागेवरून स्क्रू निघेल, कागदावर त्याच जागी तो ठेवायचा. आतले स्क्रू दिसायला एकसारखे असतात, पण लांबीत केसाएवढा फरक असतो. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला गेला की तो बोर्डात घुसतो आणि आतली लाइन तोडतो. बॅटरी बदलायला आलेला चालता फोन डेड होऊन परत जातो. इतकी वर्षं हेच काम करणारे दादा दर फोनला नवा कागद घेतात.

टेबलावर आहे तो आयफोन ११. त्याचा मालक कॉलेजात जाणारा मुलगा, शिडीच्या वरच्या पायरीवरच बसलाय. फोन रेंगाळतो, आणि तीस टक्के चार्जिंग दाखवत असताना पटकन बंद पडतो, ही त्याची तक्रार. काल रात्री दोन वाजेपर्यंत तो याच विषयावर अनोळखी लोकांशी भांडत होता.

[दृश्य: मुलाचा अंगठा. सरकणाऱ्या प्रतिक्रिया. नावं पुसट केलेली.]

कंपन्या मुद्दाम फोन हळू करतात, असं एकाचं म्हणणं. परवडत नाही तर घेतोस कशाला, असं दुसऱ्याचं. तिसऱ्याकडे अँड्रॉइड आहे, तो आपल्या फोनचे गुण गातो. मग कुणीतरी चीन काढतं, कुणी देशप्रेम काढतं. जून २०२० मध्ये गलवाननंतर ५९ चिनी ॲपवर बंदी आली, तेव्हापासून फोनवरच्या जवळपास प्रत्येक वादाला हे वळण लागतंच. पहाटेपर्यंत कोण कुणाचा माणूस एवढंच उरतं. फोन बंद का पडतो, हा प्रश्न तिथेच राहतो.

दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन मागितला. सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ. ७४ टक्के. म्हणजे नवी असताना बॅटरी जेवढं चार्जिंग धरायची, त्याच्या ७४ टक्केच आता धरते.

“हे बघ. आणि उघडायच्या आधी वेगाची चाचणी घेऊन ठेव. नंतर परत घेऊ.”

[दृश्य: ७४ या आकड्यावर कॅमेरा थांबतो.]

हा आकडा मार्च २०१८ पर्यंत आयफोनच्या सेटिंग्जमध्ये नव्हता. तो तिथे आला तोही अशाच एका भांडणातून.

नवा आयफोन आला की जुना मंद होतो, ही कुरकुर कित्येक वर्षांची. चाहते म्हणायचे, मनाचे खेळ. विरोधक म्हणायचे, लूट. दोन्हीकडे पुरावा नव्हता, म्हणून दोन्हीकडचा आवाज चढत गेला. डिसेंबर २०१७ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर एका माणसानं शांतपणे लिहिलं, की आपला आयफोन ६ एस हळू झाला होता, बॅटरी बदलल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा पळतोय. सोबत त्यानं बॅटरी बदलण्याआधीच्या आणि नंतरच्या चाचणीचे गुण दिले.

कॅनडात टोरंटोला प्रायमेट लॅब्ज नावाची छोटी कंपनी आहे. फोनचा वेग मोजणारं गीकबेंच हे ॲप त्यांचं. लोकांनी आपापल्या फोनवर घेतलेल्या चाचण्यांचे ढीगभर निकाल त्यांच्याकडे साठलेले होते. संस्थापक जॉन पूल यांनी त्यांतले आयफोन ६ एस आणि ७ चे निकाल वेगळे काढले आणि १८ डिसेंबरला आलेख लोकांसमोर ठेवले.

[दृश्य: आलेख. एक उंच टेकडी, मग दोन आलेख एकामागोमाग.]

पहिला आलेख ६ एसचा, आयओएस म्हणजे आयफोनच्या सॉफ्टवेअरच्या १०.२ आवृत्तीचा. एकच उंच टेकडी, म्हणजे जवळपास सगळ्या फोनचे गुण एकाच जागी. दुसरा १०.२.१ चा. टेकडीच्या डाव्या अंगाला, कमी गुणांकडे, छोटे छोटे उंचवटे उगवलेत. तिसरा ११.२ चा. तेच उंचवटे आणखी ठळक. बॅटरी नुसती वयानं थकली असती, तर उतार सलग दिसला असता. अशी वेगवेगळी टेकाडं तेव्हाच दिसतात, जेव्हा कुणीतरी वेगाच्या पायऱ्या आखून दिलेल्या असतात.

दोन दिवसांनी, २० डिसेंबरला, ॲपलनं मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या फोनचा वेग त्यांचं सॉफ्टवेअर कमी करतं.

त्यामागचं कारण खोटं नव्हतं, हेही इथेच सांगायला हवं. लिथियमची बॅटरी जुनी होते तसा तिच्या आतला रोध वाढतो. प्रोसेसरनं एकदम जोरात करंट ओढला की व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. चाळीत पाण्याचा पंप सुरू झाला की घराघरातले दिवे मंद होतात, तसंच काहीसं. म्हणून कंपनीनं प्रोसेसरलाच आवर घातला. पण बॅटरी बदलली की हे थांबेल, हे फोनच्या मालकाला कळलं नाही. ज्यानं फोन म्हातारा झाला म्हणून नवा घेतला, त्याला हे कळायला हवं होतं. आमचं भांडण आहे ते एवढ्याच गोष्टीशी.

२८ डिसेंबरला कंपनीनं माफी मागितली. अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आला, आपल्याकडे साडेसहा हजारांवरून दोन हजारांवर. मार्च २०१८ मध्ये सेटिंग्जमध्ये हा आकडा आला. फ्रान्सनं अडीच कोटी युरोंचा दंड केला, अमेरिकेत ग्राहकांशी ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली.

[दृश्य: पुन्हा पोटमाळा. स्क्रूचं डोकं मायक्रोस्कोपखाली.]

आता फोन उघडायचा.

खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाच्या दोन्ही बाजूंना हे दोन स्क्रू. डोक्यावर खाच नाही, पाच पाकळ्यांचं फूल आहे. आयफोनवर हा स्क्रू आला तो आयफोन ४ च्या काळात. तोवर साध्या चौफुलीच्या स्क्रू-ड्रायव्हरनं काम भागायचं. घरच्या पेटीतलं अवजार चालू नये, असा हा स्क्रू. आज त्याचा ड्रायव्हर खालच्याच दुकानात सहज मिळतो. पण दुरुस्तीच्या वाटेवर ठेवलेला हा पहिला दगड, म्हणून तो इतक्या जवळून दाखवतोय.

कडेला थोडी ऊब दिली, रबरी चोषक लावून काच उचलली. काच पुस्तकासारखी उजवीकडे उघडते. हिसका द्यायचा नाही, आत पट्ट्या जोडलेल्या आहेत. एकेक स्क्रू चिमट्यानं उचलून कागदावर आपापल्या जागी. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, मग बाकीचं.

[दृश्य: चिकटपट्टी ताणली जातेय. आवाज नाही.]

बॅटरीखाली चिकटपट्ट्या असतात. टोक पकडून अगदी आडवं, हळूहळू ओढायचं. पट्टी च्युइंगगमसारखी लांबच लांब येत राहते. ही निघाली, हीसुद्धा निघाली. तिसरी मध्येच तुटली. मग कडेनं अल्कोहोलचे दोन थेंब सोडायचे, मिनिटभर थांबायचं, आणि प्लॅस्टिकचं कार्ड सरकवायचं. धातूचं काहीही लावायचं नाही. सेलला भोक पडलं तर आग. टेबलाखालचा डबा दिसतोय ना, त्यात वाळू आहे, ती याच्यासाठी.

बाहेरच्या माणसानं फोन उघडू नये, यासाठी कंपन्या याच आगीचा दाखला देतात. भीती खरी आहे, म्हणूनच इथे वाळू आहे. पण २०१६ मध्ये सॅमसंगचे गॅलेक्सी नोट ७ पेटले आणि कंपनीला तो फोनच बंद करावा लागला. ते फोन कुणी पोटमाळ्यावर उघडलेले नव्हते, कारखान्यातून निघालेले नवेकोरे होते. सुरक्षितता चांगल्या मालानं आणि शिकलेल्या हातानं येते. माल आणि माहिती या हातांपर्यंत पोचू द्यायची नाही आणि मग हात कच्चे म्हणायचे, हे आम्हाला पटत नाही.

[दृश्य: जुन्या बॅटरीच्या डोक्यावरची बारीक हिरवी पट्टी.]

आणि आता या कामातला सगळ्यात नाजूक भाग. बॅटरी म्हणजे नुसता सेल नाही. तिच्या डोक्यावर ही छोटी पट्टी असते, तिच्यावर चिप. २०१९ मध्ये या पिढीच्या आयफोनांत बाहेरची बॅटरी बसवली की फोन ती ओळखेनासा झाला. बॅटरी अस्सल असल्याची खात्री करता येत नाही, असा संदेश यायला लागला आणि हेल्थचा आकडा दिसेनासा झाला. ज्या आकड्यासाठी लोक इतकं भांडले, तोच गायब.

म्हणून दादा जुन्या बॅटरीची पट्टी नव्या सेलला जोडतात. आधी एक टोक कापायचं. लगेच त्यावर पिवळी टेप. मगच दुसरं टोक. दोन्ही टोकं एका वेळी उघडी राहता कामा नयेत. आता हे स्पॉट वेल्डिंगचं यंत्र, तांब्याच्या दोन सुया, पायाखाली पेडल.

[दृश्य: सुया टेकतात. ठिणगी. पुन्हा ठिणगी.]

टक्. टक्. पत्र्यावर राईएवढे दोन डाग. दादा चिमट्यानं ओढून बघतात, सुटत नाही. मग एका छोट्या डबीला जोडून पट्टीतली जुनी नोंद बदलतात, आणि बिलावर लिहितात, सेल बाहेरचा.

अर्धा तास गेला. बॅटरी बदलायला तो लागलेला नाही. फोननं नव्या बॅटरीला आपलं म्हणावं, यासाठी लागलाय.

मूळ भाग आणि बोर्डाचा नकाशा या पोटमाळ्यावर सरळ मार्गानं आला असता, तर ही ठिणगी पाडावीच लागली नसती. अमेरिकेत ओरेगॉन राज्यानं मार्च २०२४ मध्ये कायदा करून भाग असे फोनला बांधून ठेवायला मनाई केली. युरोपात २० जून २०२५ पासून नव्या फोनचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर ७ वर्षं पुरवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. कायदा नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद जेमतेम २२.३ टक्क्यांची.

[दृश्य: उघडा फोन, दिव्याखाली. मुलगा वाकून बघतोय.]

मुलगा पहिल्यांदाच आपला फोन आतून बघतोय. दादा चिमट्याचं टोक फिरवत दाखवतात. प्रोसेसर कॅलिफोर्नियात आखलेला, तैवानमध्ये बनलेला. या मॉडेलचे काही फोन २०२० पासून चेन्नईजवळ जोडले गेले.

“मग हा फोन कुठला म्हणायचा?” मुलानं विचारलं.

“तुझा,” दादा म्हणाले. “पैसे तू भरलेस ना?”

[दृश्य: स्क्रू एकेक करून कागदावरून फोनमध्ये.]

कागदावरचे स्क्रू आता उलट क्रमानं परत जातायत. कनेक्टर, पत्रा, काच. शेवटी ते दोन, पाच पाकळ्यांचे.

बटण दाबल्यावर थोडा वेळ लागतो. आम्ही तो कापलेला नाही.

[दृश्य: सलग. काळा पडदा. दादांचा चेहरा, मुलाचा चेहरा, पडदा.]

चाचणी पुन्हा घेतली. सकाळचा आकडा आणि आत्ताचा, दोन्ही पडद्यावर आहेत.

मुलगा शिडीवरच बसून काल रात्रीच्या त्या वादात लिहितोय. फार काही नाही. बॅटरी बदलली, बाहेरचा सेल घातला, आधीचे गुण हे, नंतरचे हे.

दादांनी कागद चुरगाळून टोपलीत टाकला, दुसरा घेतला, पेन्सिल उचलली.

“या मावशी, सावकाश. डोकं सांभाळा.”

[दृश्य: शिडीच्या तोंडाशी एक हात. हातात रुमालात गुंडाळलेला फोन.]