खालची चकती

लघुमाहितीपट : निवेदन

[दृश्य : स्वच्छ फडक्यावर ओळीने ठेवलेले चार थर्मोस्टॅट. कॅमेरा डावीकडून उजवीकडे.]

फडक्यावर चार थर्मोस्टॅट आहेत, इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणाऱ्या झडपा. डावीकडचा काळपट, ट्रकच्या इंजिनातून आत्ताच काढलेला. बाकी तिन्ही कोरे. लांबून बघितलं तर चौघंही सख्खे भाऊ. इंजिनात मात्र यातला एकच बसणार आहे.

ट्रक चढाला लागला की तापमानाचा काटा तांबड्या पट्टीकडे जायचा आणि सपाटीला आला की पुन्हा खाली. तेव्हा कॅमेरा सोबत नव्हता, म्हणून नुसतं सांगतोय. रेडिएटर साफ करून झाला, पंख्याचा पट्टा बघून झाला. उरला होता हा.

[दृश्य : मिस्त्रींच्या तळहातावर जुना थर्मोस्टॅट, अगदी जवळून.]

ही पितळी डबी. आत मेण भरलंय. मेणातून उष्णता सावकाश जाते, म्हणून त्यात तांब्याची भुकटी मिसळलेली असते. कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, तापलं – मिस्त्री त्याला पाणीच म्हणतात, आपणही तसंच म्हणू – तर पाणी तापलं की मेण वितळतं, फुगतं आणि मधल्या पिनला बाहेर ढकलू बघतं. पण पिनचं वरचं टोक चौकटीला टेकलेलं. तिला जायला जागाच नाही. मग डबी स्वतःच खाली सरकते आणि झडपेलाही सोबत नेते. स्प्रिंग दबते, रेडिएटरची वाट मोकळी होते. पाणी निवलं की मेण आक्रसतं आणि स्प्रिंग झडप परत मिटवते. ना वायर, ना बॅटरी.

[दृश्य : शेगडीवर पाण्याचं पातेलं. आडव्या सळईला तारेने टांगलेले दोन थर्मोस्टॅट, मध्ये तापमापक.]

आता परीक्षा. एक जुना, एक नवा. दोघांच्याही कडेवर छाप ८२ चाच, म्हणजे ८२ अंश सेल्सिअसला झडप उघडू लागायला हवी. झडप मिटलेली असताना तिच्या फटीत लाल दोरा धरून ठेवलाय आणि दोऱ्याच्या खालच्या टोकाला छोटा नट. झडप उघडली की दोरा सुटणार, नट तळाशी पडणार. थर्मोस्टॅट किंवा तापमापक पातेल्याच्या तळाला टेकता कामा नये, तळ पाण्याच्या आधी तापतो. आणि पाणी ढवळत राहायचं.

[दृश्य : तापमापक. ६०... ७०... बुडबुडे. निवेदन थांबतं.]

८०.

८२.

[आवाज : टण.]

हा नव्याचा नट.

[दृश्य : जुन्याचा लाल दोरा, अजून अडकलेला.]

८५. ८८. मिस्त्री पळी फिरवतायत, कुणी बोलत नाही. ९१ ला दुसरा नट पडतो. ९५ ला दोन्ही बाहेर काढून लगेच मापले, तेव्हा नव्याची झडप ९ मिलिमीटर उघडलेली आणि जुन्याची जेमतेम ३. चढावर इंजिनाला जेव्हा सगळी वाट हवी होती, तेव्हा दार किलकिलंच होतं.

[दृश्य : ड्रायव्हर आणि मिस्त्री, बॉनेटपाशी.]

"मिस्त्री, काढूनच टाका की तो. कटकटच नको."

मिस्त्री उत्तर द्यायच्या आधी थर्मोस्टॅट उलटा करतात आणि डबीखालच्या चकतीवर बोट ठेवतात.

"काढतो. पण मग बायपास कोण बंद करणार, तुम्ही?"

[दृश्य : चकतीवर बोट. इथे चित्र थांबवलंय.]

या चकतीकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून चित्र थांबवलं. इंजिन गार असतं तेव्हा पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासच्या आखूड वाटेने पंपाकडे परत येतं, म्हणूनच इंजिन लवकर तापतं. पुढे वरची झडप उघडत जाते तशी खालची चकती बायपासच्या तोंडावर जाऊन बसते. एक दार उघडताना दुसरं लागतं. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढून टाकला की दोन्ही दारं सताड उघडी. बरंचसं गरम पाणी रेडिएटर न बघताच पुन्हा इंजिनात, म्हणजे ओझं घेऊन चढताना इंजिन आणखी तापतं. आणि रिकामं, उतारावर असताना गार पडतं, ते वेगळंच.

[दृश्य : पुन्हा फडकं. कोऱ्यातला पहिला उचलला जातो.]

यावर छाप ७१ चा. लवकर उघडेल, मग इंजिन गार राहील, असा हिशेब फार जण करतात. थर्मोस्टॅट सांभाळतो ती खालची मर्यादा. वरची सांभाळायची रेडिएटरने आणि पंख्याने. चढावर ८२ चा धडका थर्मोस्टॅट पुरता उघडलेलाच असतो, ७१ चा त्याहून जास्त काय उघडणार? इलेक्ट्रॉनिक इंजिनात तर त्याचा कॉम्प्युटर इंजिन अजून तापायचंय असं धरून डिझेल सोडत राहू शकतो. हा बाजूला.

[दृश्य : दुसरा. बोट खालून फिरतं, काहीच लागत नाही.]

हा ८२ चा. कड तीच, हाउसिंगमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या त्याच्या कप्प्यात, चपखल बसतो, बोल्टही आवळले जातात. चकती मात्र नाही. तिघांत घातक हाच, कारण बसवताना तो कुठेच अडत नाही.

[दृश्य : तिसरा आणि जुना शेजारी शेजारी. व्हर्नियर.]

कडेचा व्यास. जुळला. चकतीचा व्यास. जुळला. कडेपासून चकतीपर्यंतची लांबी, हे माप मिस्त्री दोनदा घेतात. आखूड असेल तर बायपास मिटत नाही, लांब असेल तर चकती आधीच टेकते आणि वरची झडप पुरती उघडत नाही.

[दृश्य : फडक्याने पुसलेली इंजिनावरची पट्टी, आकडे उजळतात.]

आणि हा इंजिन नंबर. सुटा भाग मागायचा तो यावरून, ट्रकच्या मॉडेलवरून नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये निरनिराळी इंजिनं येतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट दोन असतात, तिथे दोन्ही एकदम बदलायचे.

चुकीचा बसला तर एकीकडे इंजिन तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या माथ्याखालचं सील, जातं, दुसरीकडे गार इंजिनात डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि सिलिंडर झिजतात. पुढे.

[दृश्य : हाउसिंगचा पृष्ठभाग खरवडून साफ होतोय.]

डबी इंजिनाच्या बाजूला. उलटा बसवला तर मेणाला गरम पाणी नीट लागतच नाही. कडेच्या बारीक भोकात खुळखुळणारी एक पिन आहे, ती सगळ्यात वर. अडकलेली हवा तिथून निघते. गॅस्केट नवं. बोल्ट आळीपाळीने.

[दृश्य : इंजिन चालू. मिस्त्रींचा हात वरच्या हौजपाइपवर, कडेला काटा.]

काटा चढतोय. हौजपाइप गार.

अजून गारच.

[दृश्य : मिस्त्री हात झटकन मागे घेतात. काटा मध्यावर. इंजिनाचा आवाज, निवेदन नाही.]