पायाच्या कमानीला आधार किती उंच हवा?

[स्क्रीनवर: ओतीव लोखंडाचं जुनं अवजार, दांडा धरलेला हात]

हे जे जड लोखंडी अवजार दिसतंय ना, ते गॅरेजमधलं नाहीये, बुटांच्या दुकानातलं आहे. अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी अशी अवजारं दुकानात ठेवलेली असायची. गिऱ्हाईक यायचं, पाय दुखतात म्हणायचं, सेल्समन त्याला बूट काढायला लावायचा, पाय बघायचा, आणि मग चामड्यात बसवलेली धातूची पट्टी या अवजारात धरून दांडा दाबायचा. पट्टी थोडी वर वाकायची, बुटात जायची, चालून बघा म्हणायचा. टोचतंय का? मग परत काढायची आणि थोडी कमी करायची. पायाच्या कमानीला, म्हणजे तळव्याच्या आतल्या उचललेल्या भागाला, आधार देणारा, कमी-जास्त करता येणारा इनसोल, म्हणजे बुटात घालायचा सुकतळा, तो हा असा सुरू झाला.

ज्याच्या नावाने हे विकलं जायचं तो माणूस म्हणजे विल्यम शोल. जन्म 1882 चा, इंडियाना राज्यातला, शेतकरी कुटुंबातला. आधी चामड्याचं काम शिकला, मग शिकागोला येऊन बुटांच्या दुकानात नोकरी धरली. तिथे रोज लोकांचे पाय हातात घेऊन त्याच्या लक्षात आलं की बूट विकणाऱ्यांपैकी कुणालाच पायाबद्दल काही माहिती नाहीये. मग नोकरी करता करताच मेडिकल कॉलेजला गेला, 1904 ला डॉक्टर झाला, आणि त्याच सुमारास त्याने कमानीचा आधार बाजारात आणला, नाव फूट-ईझर. असं सांगतात की तो खिशात पायाच्या हाडांचा सांगाडा घेऊन फिरायचा आणि दुकानदाराच्या टेबलावर सरळ ठेवून द्यायचा. पण मला त्याचं जास्त कौतुक वाटतं ते दुसऱ्या कामाचं. त्याने बुटांच्या दुकानातल्या सेल्समन लोकांसाठी पायाची माहिती देणारा टपालाने करायचा कोर्स काढला. म्हणजे नुसती वस्तू विकून मोकळा झाला नाही, ती बसवायची कशी हेही शिकवलं.

त्याच्या आधी आधार नव्हते असं नाही. न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉयल व्हिटमन 1880 च्या दशकाच्या शेवटी पोलादी पत्र्याचा आधार बनवत होते, पायाचा प्लास्टरचा साचा घेऊन. तो मापाचा असायचा पण कडक, एकदा झाला की झाला.

[स्क्रीनवर: पायाच्या सांगाड्याचं मॉडेल, आतल्या बाजूने]

आता जरा पायाकडे येऊ. एका पावलात 26 हाडं असतात. टाचेपासून चवड्यापर्यंत आतल्या बाजूला जो उचललेला भाग दिसतो त्याला आपण कमान म्हणतो, बाहेरच्या बाजूलाही एक असते पण बुटकी, आणि तिसरी आडवी, पावलाच्या रुंदीत. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड चिवट पट्टा जातो, प्लॅंटर फॅशिया म्हणतात त्याला. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत कळ येते ना, ती बहुतेक वेळा या पट्ट्याची तक्रार असते.

बसल्या जागी एक करून बघा. पाय जमिनीवर टेकवा आणि हाताने फक्त अंगठा वर उचला. आतली कमान वर येताना दिसेल. अंगठा उचलला की तो पट्टा ताणला जातो आणि टाच आणि चवडा जवळ ओढले जातात. हिक्स नावाच्या डॉक्टरांनी 1954 मध्ये हे नीट समजावून सांगितलं. आपण चालताना टाच उचलतो तेव्हा प्रत्येक पावलाला हेच होत असतं.

आणि आडव्या कमानीची गोष्ट तर अगदी अलीकडची आहे. 2020 मध्ये नेचर मासिकात मधुसूदन वेंकटेशन, श्रेयस मांद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. दहाची नोट एका टोकाला धरली तर दुसरं टोक खाली लोंबतं, पण तीच नोट रुंदीत जराशी वाकवून धरली तर ताठ राहते, आडवी कमान पावलाला तसंच ताठ करते. त्यांच्या हिशोबाने पावलाच्या ताठपणाचा 40 टक्क्यांहून जास्त वाटा या आडव्या कमानीचा आहे. म्हणजे नुसती आतली कमान सपाट दिसतेय म्हणून पाऊल निकामी, असं म्हणता येत नाही.

मुख्य गोष्ट पुढे आहे. कमान हलती असते. वजन पडलं की ती थोडी खाली बसते आणि परत वर येते, आणि हे खाली बसणं वाया जात नाही. 1987 मध्ये ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी मोजलं की धावताना प्रत्येक पावलाला लागणाऱ्या यांत्रिक ऊर्जेतली साधारण 17 टक्के ऊर्जा कमान दबताना साठवते आणि परत देते. मग 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उलटं करून बघितलं, इनसोल घालून कमानीचं दबणं बरंचसं रोखलं, तर धावायला ऊर्जा जास्त लागली. म्हणूनच आधार जितका उंच तितका चांगला हे डोक्यातून काढून टाका. आधाराने कमानीचं खाली बसणं थोडं हळू करायचं असतं, थांबवायचं नसतं. आणि थोडं म्हणजे नेमकं किती, हे प्रत्येक पायाचं वेगळं, कधी कधी एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या पायाचंही वेगळं. उंची कमी-जास्त करता येणारा इनसोल मला म्हणूनच पटतो.

[स्क्रीनवर: फरशीवर ओल्या पावलाचा ठसा]

हा आमच्या एडिटरचा पाय. बाथरूममधून ओला पाय घेऊन कोरड्या फरशीवर टेकवलाय. मधला भाग जवळजवळ पूर्ण उमटलाय, म्हणजे कमान बसकी आहे. आता त्याला चवड्यावर उभं राहायला सांगितलं, टाचा वर. मागून बघा, कमान परत आली आणि टाच आतल्या बाजूला वळली. हा लवचिक सपाट पाय. असे पाय लाखो लोकांचे असतात आणि कित्येकांना आयुष्यभर काही दुखत नाही. दुखत नसेल तर काही घालायची गरजच नाही, हे स्पष्टच सांगतो, कारण मॉलमध्ये मशीनवर उभं करून लाल-निळा फोटो दाखवला की माणूस घाबरतो आणि हजारो रुपये देऊन येतो. चवड्यावर उभं राहूनही कमान आलीच नाही, पाऊल कडक असेल, किंवा मोठेपणी एकाच पायाची कमान अचानक बसायला लागली आणि घोट्याच्या आतल्या बाजूला सूज आणि दुखणं असेल, तर मात्र दुकानात न जाता हाडांच्या डॉक्टरांकडे जा. कमान धरून ठेवणारी तिथली शीर, टेंडन, बिघडलेली असू शकते आणि त्यात वेळ घालवला तर पुढे ऑपरेशनपर्यंत जातं.

[स्क्रीनवर: टेबलावर बूट, काढलेला सुकतळा, बाजूला तीन जाडीच्या चकत्या]

हा इनसोल उलटा करून बघू. खाली वेल्क्रो आहे आणि सोबत तीन चकत्या, पातळ, मध्यम, जाड, फोमच्या. सगळ्यात साधा आणि मला सगळ्यात बरा वाटणारा प्रकार हाच. दुसऱ्या एका प्रकारात हवेची छोटी पिशवी असते, पंप दाबून फुगवायची. तिसऱ्यात इनसोल गरम करून त्यावर उभं राहायचं, तो पायाचा आकार घेतो, पण तो एकदा बसला की परत परत बदलणं कठीण.

बसवताना आधी बुटातला मूळचा सुकतळा काढा. त्याच्यावरच नवा टाकला की बुटात जागा उरत नाही, टाच वर येते, बूट मागून निसटतो आणि मग दोष इनसोलला. चकतीची सर्वात उंच जागा टाचेच्या थोडी पुढे, आतल्या घोट्याच्या पुढे-खाली जे हाड हाताला लागतं त्याच्या खाली यायला पाहिजे. फार पुढे सरकली तर चवड्याच्या मागे गोटी आल्यासारखं वाटतं, बहुतेकांना नेमकं तेच होतं आणि ते इनसोल कपाटात टाकून देतात. सुरुवात पातळ चकतीने करा. पहिल्या दिवशी तास-दोन तास, मग हळूहळू वाढवा. चांगलं बसलंय की नाही कसं कळणार, तर थोड्या वेळाने ते बुटात आहे हे विसरायला होतं. कमानीच्या कडेला आग होत असेल, फोड येत असेल, किंवा आजवर कधी न दुखलेला गुडघा दुखायला लागला तर एक पायरी खाली या. आणि बूट बघा, मागची बाजू बोटाने दाबली की चपटी होत असेल तर त्या बुटात कितीही महागडा इनसोल घाला, पाय डुगडुगणारच.

अजून एक, आपल्याकडचा खास प्रश्न. आपण बूट दारात काढतो. ज्या बाईला टाचदुखी आहे ती ऑफिसात इनसोल घालून बसते आणि घरी आली की ओट्यापाशी कडक टाइल्सवर अनवाणी दोन तास उभी राहते. म्हणजे जिथे आधार हवा तिथे तो नाहीच. ज्यांना त्रास आहे त्यांनी घरात वापरायला कमानीचा उंचवटा असलेली वेगळी चप्पल ठेवावी, आणि घरच्यांनीही त्यात काही वावगं मानू नये.

आता उपयोग होतो का, तर होतो, पण किती ते ऐका. टाचदुखीच्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियात एक चाचणी झाली, 2006 मध्ये छापून आली. काहींना मापाचे बनवून घेतलेले इनसोल, काहींना तयार मिळणारे, काहींना नुसता मऊ फोम. तीन महिन्यांनी पहिल्या दोन्ही गटांचं चालणं-फिरणं थोडं सुधारलं, आणि मापाच्या आणि तयार इनसोलमध्ये फारसा फरक निघाला नाही. वर्षानंतर तिन्ही गट जवळजवळ सारखेच. त्यामुळे साध्या टाचदुखीला आधी साधा, बदलता येणारा इनसोल घ्या, सोबत पोटरीचे आणि तळव्याचे स्ट्रेचिंग करा, महागड्याकडे नंतर बघता येईल.

मुलांच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगेन. छोट्या मुलांचे पाय सपाट दिसतातच, कमान हळूहळू वयाबरोबर येते. अमेरिकेत डॅलसच्या हॉस्पिटलमध्ये मुलांवर तीन वर्षं अभ्यास झाला, 1989 ला प्रसिद्ध झाला, खास बूट घातलेली, इनसोल घातलेली आणि काहीच न घातलेली मुलं, सगळ्यांची कमान सारखीच सुधारली. आणि आपल्या शेजारच्या मणिपालचा 1992 चा अभ्यास तर याहून बोलका आहे. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वयाच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पायात काही घालणाऱ्या मुलांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत जास्त, चपला-सँडलवाल्यांत कमी. मुलाला मातीत, गवतात अनवाणी खेळू द्या, एवढं तरी फुकट होतं.

हे सगळं ऐकून सैन्यभरतीची तयारी करणारी, सपाट पायामुळे मेडिकलला अडू अशी भीती असलेली पोरं विचारतील, इनसोल घातला तर कमान तयार होईल का. नाही होणार. इनसोल बुटात असेपर्यंत आधार देतो, आणि मेडिकलला पाय उघडाच बघतात. बाटलीवर पाय फिरवून महिन्यात कमान आणतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. एनडीएच्या जाहिरातीत मेडिकलच्या अटी दिलेल्या असतात, त्या वाचा. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, चवड्यांवर नीट उड्या मारता आणि धावता येत असेल, पाय लवचिक असेल आणि दुखत नसेल, तर असा सपाट पाय तिथे चालतो. प्रत्येक भरतीचे नियम वेगळे असतात, आपल्या भरतीची जाहिरात उघडून बघायची, मित्राच्या तोंडच्या ऐकीव गोष्टीवर स्वप्न सोडून द्यायचं नाही.

[स्क्रीनवर: एमसीआरच्या, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या, चपलेचा तळ, जवळून]

आणि ज्यांनी हे सगळं स्वतःच्या मनाने करायचंच नाही असेही लोक आहेत. उंची बदलून बघा, टोचलं तर कमी करा, हे आपण इतका वेळ म्हणतोय, पण त्यासाठी टोचलेलं कळायला हवं ना. डायबेटिस जुना झाला की अनेकांचे तळवे बधिर होतात. चकती चुकीच्या जागी बसली, कातडी सोलली, जखम झाली, तरी त्यांना पत्ता लागत नाही, आणि पुढे हीच जखम चिघळत जाते. कुष्ठरोगातही पाय असेच बधिर होतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच पायांसाठी मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपलांवर खूप काम केलं, तीच ही एमसीआरची चप्पल, आज डायबेटिसवाल्यांनाही दिली जाते. तुमच्या घरात डायबेटिस असलेलं कुणी असेल तर रात्री झोपण्याआधी त्यांचे तळवे उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा, आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा वगैरे नाही ना ते तपासा. इनसोल, चकती, जे काही हवं असेल ते डॉक्टरांना पाय दाखवून, माप देऊनच करून घ्या.