दर्गा की समाधी

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या सातारा जिल्ह्यात एका माळावर एक जुनं स्थान आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. कडुलिंबाखाली चौथरा, चौथऱ्यावर हिरवी चादर, शेजारी समई. गुरुवारी तिथं दोन्हीकडची माणसं येतात, नारळ फोडतात, ऊद जाळतात. माझी आजी त्याला नाथबाबांची समाधी म्हणायची. माझ्या धाकट्या मामाचा ताप उतरावा म्हणून तिनं तिथं नवस बोलला होता, आणि फेडायला मला कडेवर घेऊन गेली होती.

ग्रंथालयातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी मराठी विकिपीडियावर लिहायला लागले. एका रात्री या स्थानाचं पान दिसलं. पहिल्याच ओळीत शब्द होता, 'दर्गा'. मी तो खोडला, 'समाधी' लिहिलं, आणि झोपले. सकाळी बघते तर पुन्हा 'दर्गा'. मी परत 'समाधी' केलं. दुपारी परत 'दर्गा'. त्या दिवशी माझा स्वयंपाक करपला. समोरचा कोण, कुठला, काही माहीत नव्हतं, आणि तरी त्याच्याबद्दल माझ्या मनात जे जे आलं ते इथं सांगण्यासारखं नाही. आजीची आठवण कुणीतरी पुसतंय, एवढंच मला दिसत होतं.

संध्याकाळी पानाला कुलूप लागलं. तिथं देखरेख करणाऱ्यांना प्रचालक म्हणतात. ते पगारी नसतात, तुमच्या-आमच्यासारखेच असतात, फक्त इतर सदस्यांनी विश्वासानं त्यांच्याकडे काही जादा अधिकार दिलेले असतात. अशाच एका प्रचालकांनी पान आठवडाभरासाठी सुरक्षित केलं. आणि कुलूप लागलं तेव्हा पानावर शब्द होता 'दर्गा'. मला वाटलं, घ्या, निकाल विरोधात गेला. मी त्यांना रागानं लिहिलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. कुलूप म्हणजे निकाल नाही, भांडण थांबलं तेव्हा जे पानावर होतं तेच राहिलं आहे. आता चर्चा पानावर बोला.

हे चर्चा पान काय असतं, ते सांगायला हवं. विकिपीडियावरच्या प्रत्येक लेखाच्या पाठीशी एक दुसरं पान असतं. लेख म्हणजे घराची ओसरी धरली, तर चर्चा म्हणजे माजघर. तिथं वाद घालायचा, ओसरीवर नाही. आणखी एक असतो इतिहास. कुणी कधी कोणता शब्द घातला, कोणता काढला, सगळं तारीखवार जपलेलं असतं. माझी ती दोन दिवसांची हमरीतुमरी अजूनही तिथं तशीच आहे, कुणीही वाचावी. आणि सगळ्यांच्या सामायिक प्रश्नांसाठी मराठीत जी जागा आहे, तिचं नाव आहे 'चावडी'. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं, त्याला आपली गावं ठाऊक होती.

ज्ञानकोश आपल्या जिल्ह्याला नवा नाही. वाईत मराठी विश्वकोश घडला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. पहिला खंड १९७६ साली आला आणि पुढे २० खंड झाले. तिथं नोंद जाणकारानं लिहायची, संपादकांनी तपासायची, खाली लिहिणाऱ्याचं नाव यायचं. मतभेद झालेच तर ते वाईतल्या त्या खोल्यांमध्ये मिटायचे आणि आपल्या हातात छापलेलं, शांत पान यायचं. विकिपीडिया २००१ च्या जानेवारीत इंग्रजीत सुरू झाला, मराठीत १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी. त्यात कुणीही लिहावं, म्हणून भांडणही उघड्यावर. मी दोन्हींची ऋणी आहे. पण विश्वकोशातल्या नोंदीवर मला माझ्या आजीचं म्हणणं मांडायची सोय नव्हती, इथं होती. तेव्हा ते नीट मांडायची जबाबदारीही माझीच होती.

मी चर्चा पानावर आजीची सगळी गोष्ट लिहिली. समोरच्या सदस्यांचं उत्तर आलं. ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे. 'ताई, तुमच्या आजींचं म्हणणं मला मान्य आहे. माझे आजोबा त्या पीरसाहेबांना चादर चढवायचे, तेही तितकंच खरं आहे. पण तुमच्या आजींचं मी कुठं वाचू आणि माझ्या आजोबांचं तुम्ही कुठं वाचाल?'

सगळी गोम या प्रश्नात आहे. खरं काय, यावर आम्ही दोघं जन्मभर भांडलो असतो. पण हे कुणी म्हटलंय, कुठं छापलंय, कधी छापलंय, यावर फार वेळ भांडता येत नाही. एक तर कागद सापडतो, नाही तर सापडत नाही.

याचं मोठं उदाहरण साताऱ्याच्याच दरबारातलं आहे. छत्रपती संभाजी महाराजांबद्दल कित्येक पिढ्या वाईटसाईट ऐकत आल्या. त्यातलं बरंचसं मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीतून आलं. चिटणीस साताऱ्याच्या छत्रपतींच्या पदरी होते. महाराजांचा वध झाला १६८९ साली आणि बखर लिहिली गेली त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. आणि या चिटणिसांचे पूर्वज बाळाजी आवजी, त्यांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. आता एवढं कळल्यावर ती बखर वाचताना आपले कान टवकारतात की नाही? पुढे इतिहास-संशोधक वा. सी. बेंद्रे वर्षानुवर्षं मूळ कागद शोधत राहिले, त्यावरून १९६० साली चरित्र छापलं आणि महाराजांचं वेगळंच रूप उभं राहिलं. त्यांनी बखर जाळायला सांगितली नाही. तिच्यापेक्षा जवळचा, जास्त भरवशाचा कागद पुढे ठेवला.

२०२५ च्या फेब्रुवारीत महाराजांबद्दलच्या इंग्रजी विकिपीडियावरच्या मजकुरावरून मोठा क्षोभ झाला आणि राज्याच्या सायबर पोलिसांनी तो मजकूर काढण्याची नोटीस पाठवली. लोकांना लागलं, कारण ते लागण्यासारखंच होतं. मलाही लागलं. तरी माझं प्रामाणिक मत सांगते. 'महाराज असे होते' हे वाक्य आणि 'शंभर वर्षांनी लिहिणाऱ्या, ज्याच्या घराण्याचं महाराजांशी वैर होतं अशा बखरकाराने असं म्हटलं आहे, पुढच्या संशोधकांनी ते नाकारलं आहे' हे वाक्य, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं वाक्य खोडलं तर उद्या कुणीतरी परत लिहील. दुसरं लिहून ठेवलं तर ते खोडायला येणाऱ्यालाच आधी कागद शोधावा लागेल. दुसरं वाक्य लिहायला मात्र तो माणूस हवा ज्याने बेंद्रे वाचले आहेत. आणि ती माणसं इथं आहेत, साताऱ्यात, कऱ्हाडात, सांगलीत. ती लिहीत नाहीत, याचं मला दुःख आहे.

नियम कितीतरी आहेत, सगळे सांगत बसत नाही. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवता येत नाही. तुमचं म्हणणं सोळा आणे खरं असलं तरीही. दोघांचं जमेना तर तिसऱ्याचं मत मागता येतं, मग सगळ्यांना हाक घालता येते. वादच हाताबाहेर गेला तर सदस्यांनी निवडलेली एक लवाद समिती आहे. भारत, पाकिस्तान, अफगाणिस्तान या विषयांवरच्या लेखांना तिने वेगळे, कडक नियम लावले आहेत. आपल्या भागातले विषय जगाला किती अवघड गेले, ते यावरून कळावं. माणसं गोळा करून आणायची मात्र मनाई. आपल्या गटावर निरोप फिरवला, चाळीस जण आले, सगळ्यांनी 'समाधी, समाधी' लिहिलं, तर त्या चाळिसांची किंमत एका छापील संदर्भाएवढीही नाही.

गावांच्या नावांचं दुखणं वेगळं. वाळवा तालुक्यातलं इस्लामपूर घ्या. बोलण्यात त्याला ईश्वरपूर म्हणणारे पूर्वीपासून आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये विधानसभेत नाव बदलण्याची घोषणा झाली. आता १९४२ साली तिथल्या मोर्चावर गोळीबार झाला, तो कोणत्या गावात झाला असं लिहायचं? असंच भांडण इंग्रजी विकिपीडियावर पोलंडमधल्या गदान्स्क शहराच्या नावावरून झालं होतं. जर्मन त्याला डांझिग म्हणत. दोन्ही बाजू एकमेकांचं नाव खोडत राहिल्या. अखेर २००५ साली तिथं मत घ्यावंच लागलं. ठरलं ते असं: १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डांझिग, त्याआधी आणि त्यानंतर गदान्स्क. ज्या काळाची गोष्ट, त्या काळाचं नाव. बेचाळीसच्या मोर्चाला मी हाच न्याय लावेन. त्या वेळच्या कागदांवर इस्लामपूर आहे, तेच लिहीन, आणि शेजारी आजचं नाव देईन.

आणि आता एक अडचण, जी इंग्रजीला नाही, आपल्याला आहे. मराठीत क्रियापदच बाजू घेतं. 'महाराज आले' आणि 'खान आला'. प्रतापगडाची गोष्ट आपण अशीच ऐकली, अशीच सांगतो. मग ज्ञानकोशात काय लिहायचं? 'खान आले' असं माझ्या हातून लिहिलं जात नाही, खोटं कशाला बोलू. आणि 'महाराज आला' तर जिभेवरच येत नाही. यावर मी फार दिवस अडून होते. मग एकदा लिहिता लिहिता वाक्य सापडलं: 'अफजलखान आणि शिवाजी महाराज यांची भेट प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाली.' भेट झाली. क्रियापद भेटीचं. 'यांची' म्हटलं त्यात दोघंही आले, आणि कुणाचा मान राहिला, कुणाचा गेला, हा प्रश्नच उठला नाही. 'खानाचा तळ वाईला होता', इथंही तळ होता, खान नाही. आपल्या भाषेनं अडचण केली आणि वाटही तिनंच दिली. मराठीच्या शिक्षकांनी वर्गात मुलांकडून अशी वाक्यं करून घ्यावीत, फार चांगला व्याकरणाचा तास होईल.

तुम्ही म्हणाल, एका शब्दासाठी एवढा खटाटोप? सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यात पुसेसावळीला समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून दंगल पेटली आणि एक माणूस जिवानिशी गेला. पुसेसावळी इथून लांब नाही. त्या दिवसापासून कोणताही शब्द खोडण्याआधी माझा हात थांबतो.

तर आमच्या पानाचं काय झालं. कुलपाच्या त्या आठवड्यात मी ग्रंथालयात जाऊन बसले. १८८५ सालचं सातारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर काढलं, जुन्या यात्रांच्या हस्तपत्रिका काढल्या, साताऱ्याच्या 'ऐक्य' वृत्तपत्राचे जुने अंक चाळले. त्या सदस्यांनी देवस्थानच्या विश्वस्तांकडून एक स्मरणिका मिळवली. गॅझेटियरमध्ये त्या जागेचा 'पीर' असा ओझरता उल्लेख होता. माझ्या विरोधातला तो कागद मीच आधी चर्चा पानावर ठेवला. ठेवताना हात जड झाला होता, पण ठेवला. दोनच दिवसांत त्यांनी स्मरणिकेतलं एक पान टाकलं, त्यात यात्रेच्या मानकऱ्यांच्या यादीवर ठळक अक्षरांत 'श्री नाथबाबा समाधी' होतं. त्यांच्या विरोधातलं, त्यांनीच टाकलेलं.

मग ओळ व्हायला वेळ लागला नाही. 'हिंदू भाविक या स्थानाला नाथबाबांची समाधी मानतात, तर मुस्लिम भाविक पीरसाहेबांचा दर्गा मानतात.' पुढे गॅझेटियर काय म्हणतं, स्मरणिका काय म्हणते. प्रश्न उरला शीर्षकाचा. शीर्षक एकच असतं, तिथं 'तर' घालता येत नाही. दोघांनीही आठवून पाहिलं, घरात काय म्हणायचे? आजी बाहेरच्या माणसाला 'समाधी' सांगायची, पण मला घेऊन निघताना म्हणायची, 'चल, बाबाच्या ठाण्यावर जाऊ.' त्यांचे आजोबाही तेच म्हणत. एसटीच्या फाट्यावरच्या पाटीवरही तेच होतं. शीर्षक झालं 'बाबाचं ठाणं'.

एका गोष्टीवर आमचं अजून जुळलेलं नाही. बाबा कोणत्या शतकातले. ते म्हणतात सोळावं, माझ्या मते अठरावं. दोघांकडेही कागद नाही. म्हणून त्या वाक्यापुढे कंसात 'संदर्भ हवा' असे दोन शब्द आहेत, आणि चार वर्षं झाली, आम्ही दोघांनीही ते काढलेले नाहीत.

श्रोतेहो, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या ट्रंका उघडल्या जातात. त्यात गावच्या यात्रेची जुनी हस्तपत्रिका निघेल, उरुसाची पावती, देवस्थानची स्मरणिका, एखादा मोडीतला कागद. तो रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयात नेऊन द्या, आणि मागच्या बाजूला गाव नि वर्ष पेन्सिलीने लिहा. शाईने नको, शाई कागद खाते.

नमस्कार.