मिसो रामेन घरी केलं : पेस्ट उकळू नका, एवढं ऐका

राम राम मंडळी! धुळ्याहून बोलतोय. डिसेंबर चालू आहे, पहाटे पारा ६-७ अंशांवर उतरतोय आणि सातच्या आत गल्ली चिडीचूप होतेय. अशा थंडीत आपल्याकडे शेवभाजीचा झणझणीत रस्सा ठरलेला. आज मात्र गॅसवर वेगळं काही आहे.

(पाकीट कॅमेऱ्याजवळ)

हे मिसो रामेन, म्हणजे मिसो घातलेल्या रश्श्यातले जपानी नूडल्स. जपानहून आलेलं, एका माणसापुरतं, मला ३५० रुपयांना पडलं. आकडा ऐकून आईने कपाळाला हात लावला. एवढ्यात घरातल्या चौघांची शेवभाजी होते, तिचं म्हणणं खरंच आहे. म्हणून आधी बघू की या पैशांत मिळतं काय.

पहिली गोष्ट म्हणजे हे नूडल्स. हातात घेऊन बघा, बोटांना तेल लागत नाही. नेहमीचे झटपट नूडल्स तळलेले असतात. १९५८ साली मोमोफुकू आंदो यांनी ही युक्ती शोधली : शिजवलेले नूडल्स तळले की आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं, बारीक छिद्रं राहतात, आणि उकळतं पाणी त्या छिद्रांतून पटकन आत शिरतं. सोय मोठी, पण अशा १०० ग्रॅम नूडल्समध्ये १५ ते २० ग्रॅम तेल असतं. माझ्या पाकिटातले गरम हवेवर वाळवलेले आहेत. शिजायला दोनाच्या जागी पाच मिनिटं घेतात, पण चव गव्हाची लागते, तळणाची नाही.

हा पिवळा रंग अंड्याचाही नाही आणि हळदीचाही नाही. रामेनच्या पिठात कान्सुई नावाचं खाराचं पाणी घालतात. खार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पापडखार आला असेल. बरोबर, जात तीच. खारामुळे पीठ पिवळसर होतं आणि त्याला ताण येतो. आपल्या गव्हाच्या शेवया दुधात जरा जास्त राहिल्या की मऊ पडतात. हे गरम रश्श्यातही बराच वेळ ताठ राहतात, ते या खारामुळे.

आता खरा ऐवज.

(छोटी पुडी कापून वाटीत पिळतो)

ही मिसोची पेस्ट. रंग चिंच-गुळाच्या आमटीसारखा, घट्ट, वर तेलाची चमक. वास घेतला तर आधी भाजल्या डाळीचा, मग लोणच्याची जुनी बरणी उघडल्यावर येतो तसा. मिसो म्हणजे शिजवलेलं सोयाबीन, मीठ आणि कोजी. कोजी म्हणजे तांदळावर किंवा जवावर मुद्दाम वाढवलेली एक बुरशी. हे सगळं कालवून दाबून ठेवतात. फिकट मिसो काही आठवड्यांत तयार होतं, गडद लाल मिसोला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. बुरशीने सोयाबीनमधली प्रथिनं फोडली की त्यातून ग्लुटामेट सुटतं. जिभेवर रेंगाळणारी जी चव आहे, ती त्याची. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. आपल्याकडे मुरलेलं लोणचं म्हणतात ना, त्यातल्या ‘मुरलेलं’ या शब्दात मला मिसो पूर्ण कळतं.

मिसो घातलेलं रामेन सप्पोरोचं, साधारण १९५० च्या दशकातलं. सप्पोरो जपानच्या उत्तरेला, बर्फाचं शहर. तिथल्या वाडग्यात वर चरबीचा थर असतो, त्याखाली रस्सा लवकर निवत नाही. तर्री! हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

पहिलं पाकीट आणलं तेव्हा मी सवयीप्रमाणे पाणी, नूडल्स, पेस्ट सगळं एकाच पातेल्यात टाकून पाच मिनिटं खळाखळा उकळलं. स्वयंपाकघरभर काय सुंदर वास सुटला होता! आणि वाडग्यात उरला नुसता खारट रस्सा. मिसोचा वास नाजूक असतो, उकळलं की वाफेबरोबर उडून जातो. वर्षभर मुरवलेली चीज पाच मिनिटांत वाया गेली, याचं मला मनापासून वाईट वाटलं. आपण शेवभाजीत शेव शेवटी घालतो, ताटात वाढताना. मिसोही शेवटी.

आता करू. वाडग्यात गरम पाणी ओतून ठेवलंय, वाडगं तापायला हवं. एका शेगडीवर भरपूर पाण्यात नूडल्स. दुसरीवर रश्श्याचं पाणी, पाकिटावर लिहिलंय तेवढंच, मोजून. कढईत थोडं तेल, ठेचलेला लसूण, उभा चिरलेला कांदा, मोड आलेले मूग. मोठ्या आचेवर एकच मिनिट. मूग करकरीत राहिले पाहिजेत. मक्याचे दाणे वाफवून घेतलेत, कारण मका आणि लोणी ही सप्पोरोचीच जोडी आहे.

वाडग्यातलं पाणी फेकलं. पेस्ट घातली, दोन तृतीयांशच. त्यावर गॅसवरून उतरवलेलं कढत पाणी, चमच्याने ढवळायचं. नूडल्स निथळून आत. वर मूग-कांदा, मका, पातीचा कांदा, लोण्याचा छोटा गोळा.

काळा मसाला घालू नका. मला तो जिवापाड आवडतो, पण लवंग-दगडफूल आलं की मिसो गप्प बसतं. तिखट हवंच असेल तर नंदुरबारची लाल मिरची लसणाच्या तेलात परतून वरून सोडा. ती मात्र छान जमते.

पेस्ट पूर्ण का नाही घातली? पाकीट उलटं करून बघा. माझ्या पाकिटावर मीठ साडेपाच ग्रॅम लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. बीपी असेल तर नूडल्स खा आणि रस्सा बराचसा सोडून द्या. आणि शाकाहारी मंडळींनो, मिसो सोयाबीनचं असलं तरी रश्श्यात बऱ्याचदा डुक्कर, कोंबडी किंवा मासळीचा अर्क असतो. हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, ते बघून घ्या. मी ठिपक्याचंच आणलंय, आईपण खाणार आहे म्हणून.

(पहिला घास)

अहाहा. आधी लोणी लागतं, मग गोडसर-खारट रस्सा, आणि गिळल्यावरही जिभेच्या मागे चव राहते. नूडल्स दाताला लागतायत.

“आई, कसं वाटतंय?”

“हाई ते आपला शेवभाजीना रस्साच शे. तिखट नही, इतलंच.”

मला विचाराल तर दर आठवड्याला ३५० रुपये घालू नका. थंडीत एकदा, घरच्यांबरोबर, निवांत करायचं हे.

उरलेली पेस्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवलीय. जपानमध्ये वांगं भाजून त्याला मिसो लावतात, नासू देंगाकू म्हणतात त्याला. आणि आपल्याकडे आता भरताच्या वांग्यांचा हंगाम आहे. मागच्या खेपेला मी भरताच्या अर्ध्या वाटीत चमचाभर पेस्ट कालवली होती, मीठ न घालता. आईने आधी आपलंच साधं भरीत घेतलं. नंतर भाकरीचा तुकडा माझ्या वाटीत बुडवला, आणि पुन्हा एकदा बुडवला.