इंजिनाभोवतीची पट्टी

मे महिन्यातील पहाटेचे पाच वाजले आहेत. ग्वाल्हेरमध्ये या दिवसांत गाडीचे काम करायचे, तर ते ऊन चढण्याआधी, नाही तर थेट दिवेलागणीनंतर. शहराच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या वाड्याच्या अंगणात, कडुनिंबाखाली, माझ्या काकांची 1971 सालच्या बनावटीची फोक्सवॅगन कॅम्पर, म्हणजे आत झोपण्याची सोय असलेली व्हॅन, उभी आहे. या चित्रफितीत आपण तिच्या इंजिनाभोवतीची रबरी पट्टी बदलतो आहोत. तिचे मागील झाकण बांबूच्या तुकड्याने टेकवून उघडे ठेवलेले आहे. गाडी तापते, तेव्हा इंजिनाला वारा लागावा, या हेतूने काकांनी ही सोय केली होती. ती चुकीची होती, हे त्यांनी आता मान्य केले आहे. मात्र बांबू अजून फेकून दिलेला नाही.

या प्रकारच्या गाडीचे पहिले रेखाटन बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने 1947 साली वहीच्या पानावर केले आणि 1950 मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. समोर एकच रुंद, वळणदार काच असलेली दुसरी पिढी 1967 च्या ऑगस्टपासून जर्मनीतील हानोव्हरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. आपली गाडी त्या पिढीतली. त्या काळात युरोपातून निघून इस्तंबूल, तेहरान आणि काबूलमार्गे भारतात उतरणाऱ्या प्रवाशांकडे अशा गाड्या हमखास दिसत. 1979 मध्ये इराणमधील क्रांती आणि पाठोपाठ अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य यांमुळे ती वाट बंद झाली. काकांनी ही गाडी आग्र्याहून आणली, आणि चंबळ ओलांडून सुमारे 120 किलोमीटरचे ते अंतर कापताना तिने त्यांना तीन वेळा रस्त्याच्या कडेला उभे केले.

गाडी तापण्याचे कारण शोधणाऱ्या प्रत्येकाने आधी रेडिएटरची चौकशी केली. या गाडीला रेडिएटर नाही. मागच्या बाजूला बसवलेले 1600 सीसीचे, आडव्या चार सिलिंडरांचे हे इंजिन केवळ हवेने थंड होते. डायनमोच्या दांड्यावर बसवलेला पंखा, पुलीवरून येणाऱ्या पट्ट्याच्या जोरावर फिरतो, वरच्या कप्प्यातील हवा ओढून घेतो आणि पत्र्याच्या घरातून ती सिलिंडरांच्या पाकळ्यांवर दाबून सोडतो. पाकळ्यांची उष्णता घेऊन ही हवा गाडीच्या खाली निघून जाते. म्हणूनच पट्टा तुटला आणि डायनमोचा लाल दिवा लागला, तर या गाडीत ‘घरापर्यंत पोहोचू, मग बघू’ असे म्हणून चालत नाही. इंजिन त्याच क्षणी बंद करावे लागते.

येथवरची रचना कळली, की रबराच्या पट्टीचे काम आपोआप उलगडते. इंजिनाच्या चारही बाजूंनी पत्रे आहेत. या पत्र्यांच्या वर बाहेरून आलेली ताजी हवा असते आणि खाली तापलेली हवा, सायलेन्सर आणि रस्ता. पत्रे इंजिनाला जोडलेले असतात आणि इंजिन चालताना हलते. बॉडी मात्र आपल्या जागी असते. त्यामुळे दोहोंमध्ये फट सोडणे भाग पडते, आणि ती फट बुजवण्यासाठी इंजिनाच्या कप्प्याभोवती रबराची पट्टी फिरवलेली असते. ही पट्टी धूळ अडवते, हे खरे. पण तिचे मुख्य काम गरम हवेला पुन्हा वर येऊ न देणे हे आहे.

ग्वाल्हेरच्या माणसाला हे समजावून सांगण्यासाठी यंत्रशास्त्राची गरज पडत नाही. आपल्याकडे कूलर खिडकीत लावतात, कारण त्याला बाहेरची कोरडी हवा मिळायला हवी. तोच कूलर दारे-खिडक्या बंद करून खोलीच्या मधोमध ठेवला, तर तो खोलीतलीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो आणि तासाभरात अंगाला चिकचिक सुरू होते. पट्टी कुजलेल्या इंजिनाचे हेच होते. पंखा पूर्ण जोराने फिरत असतो, पट्टा ताणलेला असतो, कोठे काही बिघडलेले दिसत नाही. पण पंखा जी हवा ओढतो, ती काही क्षणांपूर्वी त्याच इंजिनाने तापवलेली असते. बाहेर आधीच 45 अंश असतील, तर ही वाढीव उष्णता सोसण्याइतकी जागा तेलात किंवा सिलिंडरांच्या हेडमध्ये फारशी उरत नाही.

आमच्या मिस्त्रींनी उभी हयात स्कूटरींवर घालवली आहे, आणि या कामात त्याचाच उपयोग झाला. चेतक स्कूटरच्या सिलिंडरवरही पंख्याची हवा पत्र्याच्या आवरणातूनच नेलेली असते, आणि ते आवरण न लावता स्कूटर पळवणाऱ्याचे काय होते, हे त्यांनी असंख्य वेळा पाहिले आहे. पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांवर काम करणाऱ्या एका कारागिराने हीच पट्टी ‘नुसती बीडिंग आहे’ म्हणून कापून टाकण्याचा सल्ला दिला होता.

काम सुरू करण्याआधी मिस्त्रींनी एक साधी चाचणी केली. शिवणकामाचा दोरा काठीच्या टोकाला बांधून, इंजिन सुरू ठेवून, त्यांनी तो पत्रा आणि बॉडी यांमधील फटीवर धरला. पडद्यावर दिसते आहे त्याप्रमाणे दोरा खालून फुंकर घातल्यासारखा वर उडतो आणि पंख्याच्या दिशेने वळतो. काठी लांब असली पाहिजे आणि हात पट्ट्यापासून दूर असला पाहिजे.

इंजिन जागेवर ठेवून पट्टी बदलता येते, असे सांगणारे लोक आहेत. मागील बाजूपुरते ते शक्यही आहे. पण पुढची बाजू, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या वरचा कोपरा, हाताला लागत नाही. आणि सर्वांत मोठी फट बहुधा तेथेच असते. म्हणून आम्ही इंजिन उतरवायचे ठरवले. बॅटरीची तार काढली, डायनमो, कॉइल आणि ऑइल प्रेशरच्या तारांवर चिठ्ठ्या बांधल्या, ॲक्सिलरेटरची केबल आणि हीटरच्या दोन केबली सोडवल्या, पेट्रोलची नळी बंद केली. 1971 च्या या गाडीचा बंपरमागचा पत्रा स्क्रूंवर निघतो, ही मोठी सोय आहे. 1972 पासूनच्या गाड्यांत तो पक्का जोडलेला आहे. मग गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा दिला, सतरा नंबरच्या पान्याने गिअरबॉक्सचे चार नट काढले, इंजिनाला मागून पेलणाऱ्या आडव्या दांड्याचे बोल्ट सोडले आणि शंभर किलोहून जड असलेले ते इंजिन जॅकवर, दोन माणसांच्या हातांनी सावरत, मागे ओढून खाली घेतले.

खाली आलेल्या इंजिनाकडे पाहून काका बराच वेळ काही बोलले नाहीत. पंख्याच्या घराखाली, सिलिंडरांच्या पाकळ्यांमध्ये, खारीने घरटे बांधले होते: गादीतला कापूस, निंबाच्या काड्या आणि सुतळी, सारे तेलात भिजून काळे झालेले. ऑइल कूलरमधून निघणारी गरम हवा वेगळ्या मार्गाने खाली सोडणारा पत्रा 1971 पासून या इंजिनांत आला, तो जागेवर होता. त्याच्या कडेचा स्पंज मात्र बोट लावताच भुगा झाला. जुनी पट्टी तर उपसावीच लागली नाही. ती वाळलेल्या पापडासारखी मोडत गेली आणि तिचे तुकडे झाडून काढावे लागले.

यानंतरचे सर्वांत किचकट काम पट्टीचे नसून खाचेचे आहे. कप्प्याच्या कडेने बॉडीला पत्र्याची अरुंद खाच जोडलेली असते. पट्टीचा जाड कणा तीत सरकवायचा आणि पट्टीच्या दोन ओठांमध्ये इंजिनाचा पत्रा बसवायचा, अशी रचना आहे. आमच्या गाडीत कोणीतरी ही खाच हातोडीने ठोकून जागोजागी मिटवली होती. मिस्त्रींनी ती चपट्या पेचकसाने, बोटभर अंतर घेत, हळूहळू उघडली. घाईने पेचकस तिरका मारला, तर पत्रा फाटतो आणि मग वेल्डिंगशिवाय गत्यंतर राहत नाही. तारेच्या ब्रशने गंज काढून, गंजरोधक रंगाचा हात देऊन, दिवसभर तो वाळू दिला.

पट्टी परदेशातून मागवावी लागली, कारण तशा घडणीची पट्टी येथील बाजारात मिळत नाही. दाराची बीडिंग कापून वापरण्याचा मोह टाळावा. तिला दोन ओठ नसतात आणि तेलाच्या उष्णतेत ती लवकर कडक होते. घडी घातलेली नवी पट्टी वेड्यावाकड्या वळणांनी आली होती. ती अर्धा तास उन्हात पसरून ठेवली आणि ती सरळ, मऊ झाली; उन्हाचा आमच्या कामाला झालेला हा एकमेव उपयोग. सरकवताना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण रबर फुगते. भांडी घासण्याच्या साबणाचे पाणी पुरते. मुख्य पट्टी दोन्ही बाजूंनी आणि पुढून नालाच्या आकारात फिरते, तर मागील पत्र्याची पट्टी वेगळी असते. कोपऱ्यांत ती ओढून बसवायची नाही, उलट आत ढकलत न्यायची. ताणून बसवलेले रबर काही महिन्यांत आखडते आणि नेमके कोपरे उघडे पडतात. त्याच कारणाने टोके थोडी लांब ठेवून कापली.

मोठी पट्टी बसली, म्हणजे काम झाले असे नाही. स्पार्क प्लगच्या टोप्यांवरील चार रबरी चकत्या, पंख्याच्या घरातून हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या आणि तारा जेथून पत्र्यातून पार होतात तेथील रबरी कड्या, यांपैकी प्रत्येक ठिकाणी हवा निसटू शकते. हीटरच्या नळ्यांविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. या गाडीत बसणाऱ्यांना मिळणारी ऊब याच पंख्याच्या हवेतून येते. पट्टी फाटलेली असेल आणि सायलेन्सर कोठे फुटला असेल, तर धुरातील कार्बन मोनॉक्साइड खालून इंजिनाच्या कप्प्यात, तेथून पंख्यात आणि पंख्यातून थेट प्रवाशांच्या पायांशी पोहोचू शकतो. त्याला वास नसतो. ग्वाल्हेरच्या जानेवारीत, धुक्याच्या रात्री काचा बंद करून हीटर लावणाऱ्याने हे विसरू नये.

इंजिन बाहेर होते, तेवढ्यात पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. कापडाचे आवरण असलेल्या जुन्या नळ्या आतून चिरतात, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ही झीज वाढते. या इंजिनाची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे; तिने एकदा पेट घेतला, की पाण्याने ती आग विझत नाही, उलट भडकते.

इंजिन पुन्हा चढवताना एका माणसाने केवळ पट्टीवर लक्ष ठेवले. पत्र्याची कड दोन ओठांमध्ये न जाता खालचा ओठ वर दुमडून घेते, आणि हे वरून पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून प्लॅस्टिकची बोथट पट्टी आत घालून ओठ सोडवत जावे लागले. या एका गोष्टीला इंजिन चढवण्यापेक्षा अधिक वेळ लागला. मग अडीच लिटर तेल भरले, थंड इंजिनावर व्हॉल्व्हची फट 0.15 मिलिमीटर लावली आणि क्लचची केबल जुळवली.

संध्याकाळ झाली आहे. इंजिन वीस मिनिटे चालू आहे आणि काठीचा दोरा मिस्त्री पुन्हा कडेकडेने फिरवत आहेत. डाव्या बाजूला तो सरळ लोंबतो. पुढच्या कोपऱ्यात सरळ लोंबतो. उजवीकडे, हीटरच्या नळीजवळ, तो किंचित थरथरला. नळीचा क्लॅम्प आणखी अर्धा फेरा आवळल्यावर तेथेही स्थिर झाला.

मागील झाकणाच्या कडेचे रबर अजून यायचे आहे. काकांनी झाकण खाली ओढून बंद केले आणि बांबू दारामागे नेऊन उभा केला.